फोटो मुलीचा, ऑपरेशन मुलाचं

मी डॉक्टर नाही. नर्स नाही. रिसेप्शनिस्टसुद्धा नाही, जरी अर्धं बडोदं माझ्या काउंटरवर येऊन "बेन, टॉयलेट कई बाजू?" एवढंच विचारायचं. मी बसायचे एका हॉस्पिटलात, रिसेप्शनच्या शेजारच्या छोट्याशा खोपटात. पुढे काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून दिवसभर लोकांचे हात आत यायचे. हातात कार्ड. वर पाटी: 'बाल आरोग्य कार्ड'.

आपल्या मंडळाच्या अंकात नोकरीबद्दल लिहितात ते सगळे रिटायर्ड काका लोक. रेल्वेवाले, रिफायनरीवाले, बँकवाले. मी अजून तिशीचीही नाही, पण ती नोकरी सुटल्यापासून हे सगळं माझ्या पोटात नुसतं उड्या मारतंय. त्यामुळे घुसतेय मध्येच. वय नाही म्हणून अनुभव नाही असं थोडंच असतं? घाईघाईत टाइप करतेय, इकडचं तिकडे झालं तर समजून घ्या.

तर काम काय होतं ते सांगते. सरकारी नोकरीतले जे खालच्या पगाराचे लोक, म्हणजे शिपाई, सफाईवाले, ड्रायव्हर, पाणीपुरवठ्यातले व्हॉल्व्ह उघडणारे, माळी, त्यांच्या मुलांसाठी विमा होता. फक्त मुलांसाठी. हप्त्याचे बहुतेक पैसे सरकार भरायचं, थोडेसे पगारातून कापायचे. मूल आजारी पडलं, ॲडमिट करावं लागलं, तर कार्ड दाखवायचं आणि बिल कंपनीने भरायचं. याला म्हणतात कॅशलेस. हा शब्द मी इतक्यांना इतक्या वेळा समजावलाय की झोपेतही सांगेन.

पण 'कार्ड दाखवलं की झालं' असं नसतं ना! कंपनीचे डॉक्टर बसायचे अहमदाबादला. त्यांना पेशंट कधीच दिसत नाही, फक्त आम्ही फॅक्स केलेले कागद दिसतात. मूल कोण, आजार काय, खर्च किती, हे बघून ते 'अप्रूव्ह' म्हणणार, नाहीतर 'क्वेरी' काढणार. क्वेरी म्हणजे शंका. ही शंका फेडायची आणि तेवढ्या वेळात इकडे रडणारी आई, चिडलेला बाप आणि "ऑपरेशन थिएटर रिकामं आहे, घेऊ का नको?" विचारणारे सर्जन, तिघांनाही सांभाळायचं. यासाठी मला पगार मिळायचा.

माझे साहेब होते मनहरभाई. एका विमा ऑफिसातून रिटायर होऊन इथे आलेले. टेबलाच्या खणात खाकऱ्याचा डबा, आणि तोंडात एकच वाक्य: "सायली, उतावळी ना था." उतावीळ होऊ नकोस. मी उतावीळच होते. आहे. आई म्हणते तू जन्मालासुद्धा पंधरा दिवस आधी आलीस.

गिऱ्हाइकं काय एकेक! एक जीप ड्रायव्हर काका होते, त्यांनी कार्ड घेऊन थेट एटीएम गाठलं. मशीनने कार्ड गिळलं. मग आमच्याकडे येऊन आमच्याशीच भांडले, "तमे कह्युं हतुं ने, यामध्ये पैसे आहेत!" आहेत हो काका, पण मुलगा आजारी पडला तरच. "आणि नाही पडला तर?" नाही पडला तर छान की! हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही.

आणखी एक शिपाई दादा वर्षाच्या शेवटी दोन्ही मुलींना घेऊन आले. दोघी टुणटुणीत, एकीच्या हातात पेप्सीकोला. म्हणाले, "बेन, वर्ष संपत आलं. ॲडमिट करून टाका दोघींना. पगारातून कापलंय."

"काय झालंय त्यांना?"

"ते डॉक्टर शोधतील ने!"

मोठी मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना, मला ट्यूशन आहे." मला इतकं हसू आलं की मी खाली वाकून स्टेपलर शोधल्यासारखं केलं.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. आमच्याच भागातल्या सरकारी ऑफिसात झाडू मारणारी एक बाई यायची. ती रोजंदारीवर. कायम नाही, म्हणून कार्ड नाही. तिच्याबरोबर झाडू मारणारी दुसरी बाई कायम, तिच्या मुलाला कार्ड. दोघींचं काम तेच, झाडूसुद्धा तोच. तिच्या मुलीचं टॉन्सिलचं काम होतं. मी मनहरभाईंकडे बघितलं, मनहरभाईंनी भिंतीकडे बघितलं. शेवटी सर्जनांनी स्वतःची फी सोडली आणि बाकीचं तिने कसंतरी जमवलं. मला मात्र त्या काचेच्या भोकातून "नाही होणार, बेन" म्हणताना आपला आवाज किती गोड येतोय याचीच लाज वाटायची. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, नाही म्हणतानासुद्धा हसून म्हणा.

आता एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे एका मुलाच्या कार्डावर दुसरं मूल. कार्ड स्वतःच्या मुलाचं आणि ॲडमिट करायचा भाचा. लोक हे प्रेमापोटी करायचे हो, बहिणीचा मुलगा आजारी, बहिणीकडे कार्ड नाही, करणार काय. पण पकडलं की कार्ड कायमचं रद्द, आणि वर ऑफिसात चौकशी. त्यामुळे अहमदाबादच्या डॉक्टरांना या बाबतीत कुत्र्याचं नाक होतं. (हे प्रेमाने म्हणतेय, अहमदाबादच्या डॉक्टर मॅडम, कुठे वाचत असाल तर.)

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, नुकतंच होऊन गेलं होतं. हॉस्पिटलच्या आसोपालवाच्या झाडाला फाटके पतंग लटकत होते. त्या सकाळी भास्करभाऊ आले. मूळचे नंदुरबारकडचे, पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन, हरणीकडे भाड्याच्या खोलीत राहायचे. त्यांच्या कडेवर मूल, मागे बायको सुरेखाताई. मूल पाच वर्षांच्या आतलं, दोन लांब वेण्या, लाल रिबिनी, पिवळा फ्रॉक, आणि रडून रडून दमलेलं. जांघेत गाठ आली होती, कडक झालेली. हर्निया अडकला होता.

सर्जनांनी इंजेक्शन देऊन तो हळूच आत बसवला. मूल झोपलं. मग सर बाहेर येऊन मला म्हणाले, "आत्ता बसलाय. पुन्हा अडकला तर आतडं धोक्यात येईल. मला आज दुपारीच ऑपरेशन करायचंय. अप्रूव्हल मागव."

मी कार्ड घेतलं. नाव: बेबी. मुलगी. मी सरांचा कागद घेतला. त्यावर मुलगा.

मी म्हटलं, "सर, तुम्ही चुकून मुलगा लिहिलंय."

सर म्हणाले, "सायली, मी बघितलंय."

तोपर्यंत भास्करभाऊंनी जन्माचा दाखला पुढे केला. कुणाल. मुलगा. मी एकदा दाखल्याकडे, एकदा कार्डाकडे, एकदा भास्करभाऊंकडे. ते इकडेतिकडे बघून मला बाजूला घेऊन गेले, पार्किंगपर्यंत, आणि हळू आवाजात सांगितलं.

याच्याआधी त्यांचे दोन मुलगे गेले होते. एक जन्मल्यावर चार दिवसांत, एक वर्षाच्या आत. तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या गुजराती काकूंनी सुरेखाताईंना बहुचराजीचा नवस बोलायला लावला. मूल जगू दे, पाच वर्षं पूर्ण झाली की चैत्रात देवीसमोर याचे केस उतरवू. याला इकडे बाबरी म्हणतात. तोवर केसाला कात्री लावायची नाही, आणि सुरेखाताईंच्या नवसात आणखी एक होतं: मुलीसारखं वाढवायचं, आणि आईने आपल्या तोंडाने त्याला मुलगा म्हणायचं नाही. कार्ड काढायच्या कॅम्पमध्ये कॅमेरेवाल्याने वेण्या बघितल्या, नाव विचारलं. सुरेखाताई म्हणाल्या, बेबी. त्याने मुलगी लिहिलं. त्या गप्प राहिल्या.

"दोन महिने राहिले फक्त," भास्करभाऊ म्हणाले. "मी बोलीन हवं तर. नवस तिचा आहे."

मी विचारलं, सरकारी दवाखान्यात नेलं तर? तिथे सगळं फुकट होतं, डॉक्टरही चांगले. ते म्हणाले, "पहिली दोघं तिथेच गेली. दोष कुणाचाच नव्हता. पण ती त्या गेटातून आत पाय टाकत नाही."

मी आत येऊन मनहरभाईंना सांगितलं. त्यांनी खाकरा खाली ठेवला. म्हणजे प्रकरण गंभीर.

कागद पाठवले, सर्जनांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडलं. कंपनीचा नियम म्हणून मुलाचा आत्ताचा फोटो जोडला. आणि इथेच सगळा गोंधळ! फोटोत वेण्या, रिबिनी, पिवळा फ्रॉक. कार्डावरच्या फोटोत पण वेण्या आणि फ्रॉक. चेहरा तंतोतंत तोच. म्हणजे पुरावा पक्का झाला की कार्डावरची मुलगी खरंच मुलगी आहे!

फोन आला. अहमदाबादच्या डॉक्टर मॅडम. आवाज कोरा.

"फोटो मुलीचा पाठवलाय, ऑपरेशन मुलाचं मागताय. दाखला भलत्याच नावाचा. बेन, घरात दोन मुलं आहेत का?"

"एकच आहे, मॅडम."

"मग तुमच्या टेबलवर कोण आहे?"

"तेच!"

"कोण तेच?"

आता काय सांगू? कपड्यांशिवाय फोटो मागितला असता तर मी दिला नसता, आणि त्यांनीही मागितला नाही, हे त्यांचं मोठेपण. भास्करभाऊंना फोन दिला. ते खाली मान घालून म्हणाले, "मुलगा आहे, मॅडम. माझाच आहे." पण मॅडम म्हणाल्या, बाप म्हणून मामा उभे राहिलेले मी पाहिलेत. सर्जनांच्या पत्राने टेबलवर मुलगा आहे एवढं कळतं, तो कार्डावरचाच आहे हे कसं कळणार? आईला द्या. आई सांगेल तर मी मानीन.

झालं. आता सुरेखाताईंनी फोनवर एक शब्द बोलायचा होता. एकच. आणि तोच शब्द त्या पाच वर्षं बोलल्या नव्हत्या.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मूल झोपेत एका रिबिनीचं टोक तोंडात घेऊन चोखत होतं. मी सगळं समजावलं. कॅशलेस, क्वेरी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मी म्हणणार नाही."

"अहो, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे! देवी काय रागावणार आहे का? ऑपरेशनसाठी—"

"तुम्हाला मूल आहे?"

"नाही."

"मग थांबा जरा."

मी थांबले. सुरेखाताई मुलाच्या पायावरून हात फिरवत म्हणाल्या, "पहिल्याच्या वेळी मी गल्लीभर सांगत सुटले होते. मुलगा झाला, मुलगा झाला. दुसऱ्याच्या वेळी पण. यावेळी मी गप्प आहे. गप्प आहे म्हणून आहे तो." मग लगेच जीभ चावली. "आहे ते." मी भास्करभाऊंकडे बघितलं. ते खिडकीबाहेर पतंग बघत होते, किंवा बघितल्यासारखं करत होते.

मी चिडले होते, खरं सांगते. शिकलेली ना मी! मनात म्हणत होते, मूल मरायला टेकलंय आणि हिला शब्दाची पडलीय. पण तिच्याकडे बघितल्यावर कळत होतं की तिच्या हिशेबात तो शब्द म्हणजेच मरण होतं. मी तिला मुलाला वाचव म्हणत होते, आणि ती तेच तर करत होती.

तेवढ्यात सर्जनांचा निरोप आला, पोट थोडं फुगायला लागलंय. फार थांबू नका.

मी धावत काउंटरवर गेले आणि अहमदाबादला फोन लावला. मनहरभाई म्हणाले, "सायली, उतावळी ना—" पण मॅडमनी उचलला होता आणि माझी गाडी सुटली होती. दोन गेलेले मुलगे, शेजारीण, बहुचराजी, बाबरी, वेण्या, कॅम्प, तोंडाने म्हणायचं नाही, पोट फुगतंय, सगळं एका दमात, मराठी-गुजराती-हिंदी जे तोंडाला येईल त्यात. शेवटी म्हटलं, "मॅडम, ती खोटं बोलत नाहीये. म्हणूनच बोलत नाहीये!"

पलीकडे कागद चाळल्याची सळसळ ऐकू आली.

मग मॅडम म्हणाल्या, "माझ्या भावाचे केस सहाव्या वर्षी उतरवले होते. शाळेत त्याला सगळे चिडवायचे." आवाज आता कोरा नव्हता. "फोन तिच्याजवळ न्या. आणि तुम्ही जरा गप्प राहा."

काउंटरचा फोन वॉर्डपर्यंत कसा नेणार? मनहरभाईंनी स्वतःचा मोबाइल काढला, जो ते फक्त जावयाशी बोलायला वापरायचे, आणि त्यावरून परत लावला. स्पीकर चालू केला. पलंगाभोवती आम्ही सगळे: सुरेखाताई, भास्करभाऊ, मी, मनहरभाई, आणि पडदा धरून सिस्टर.

"बेन," मॅडम गुजरातीत म्हणाल्या, "बोलीश हुं. तमारे कशुं बोलवानुं नथी. खोटुं होय तो ज ना पाडजो." मी बोलेन, तुम्ही काही बोलायचं नाही, चुकीचं असेल तरच नाही म्हणा. सुरेखाताईंनी फोनकडे बघत मान हलवली.

"तुमच्या घरात एकच बाळ आहे."

"हो."

"कार्डावरचा फोटो आहे, तेच हे पलंगावर आहे."

"हो. शप्पथ."

"बहुचरमाने तुम्हाला जे दिलंय," मॅडम सावकाश म्हणाल्या, "ते दीकरी नाही. दीकरो आहे."

सुरेखाताईंनी मुलाची वेणी मुठीत धरली. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी लिफ्टमनला हाक मारत होतं. मनहरभाईंना शिंक येत होती, त्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. सिस्टरने मुद्दाम माझ्याकडे बघितलं नाही, नाहीतर आम्ही दोघी फुटलो असतो, हसून का रडून ते माहीत नाही.

सुरेखाताई नाही म्हणाल्या नाहीत.

मॅडमनी पुरता वेळ दिला. मग म्हणाल्या, "आईने ना नाही पाडली. मी तसं लिहितेय. सायलीबेन, फॅक्सजवळ जाओ."

मनहरभाई शिंकले. सलग तीनदा. झोपलेलं मूल दचकून उठलं आणि मोठ्याने रडायला लागलं, आणि त्या रडण्यात आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.

ऑपरेशन दुपारी झालं. नीट झालं. नंतर सर म्हणाले की अजून उशीर झाला असता तर त्यांनी अप्रूव्हलची वाट बघितलीच नसती, पुढचं पुढे बघितलं असतं. मी म्हटलं, सर, हे आधी सांगायचं ना! सर म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तू एवढी धावली असतीस का?" अजून मला या माणसाचा राग येतो आणि अजून मला तो आवडतो.

पुढे हे कार्ड मोठ्या योजनेत विलीन झालं, काउंटर बंद झाला, मनहरभाई दुसऱ्यांदा रिटायर झाले. आता सगळं ऑनलाइन असतं. मशीन शंका काढतं, मशीनच उत्तर मागतं. लवकर होतं, मान्य आहे. पण मशीनला गप्प बसलेल्या आईचं उत्तर कसं कळणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण ते नंतरचं. आधी चैत्र आला.

चैत्री पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मी कार्ड दुरुस्तीचं काम करत होते. लाइन दरवाजापर्यंत. मध्येच मला सुरेखाताई दिसल्या. कडेवर एक तुळतुळीत डोक्याचा पोरगा, निळी हाफ चड्डी, आणि तो ती चड्डी सारखी खाली ओढत होता. त्याला ती अजिबात आवडली नव्हती. "फ्रॉक! फ्रॉक दे!" ओरडत होता. मी काचेतून हात केला, "ताई, लाइनीत कशाला, पुढे या!" त्या आल्या नाहीत. लाइनीतच उभ्या राहिल्या, नंबर येईपर्यंत.

नंबर आल्यावर मी कार्ड घेतलं आणि कीबोर्डवर बोटं चालवायला लागले. मला सगळं माहीतच होतं. नाव कुणाल, आणि त्याच्या पुढच्या खान्यात—

त्यांनी भोकातून हात घालून माझं मनगट धरलं.

"नाही. आधी विचारा."

"काय विचारू, ताई?"

"त्या मॅडमनी विचारलं ते. तुम्ही विचारा."

मी खुर्चीत नीट बसले. मनहरभाई माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सुरेखाताई," मी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगा." त्या काचेजवळ सरकल्या. "मुलगा. मुलगा आहे माझा. लिहा, मुलगा!"

रिसेप्शनवरची पोरगी वळून बघायला लागली. वॉचमन दारातून आत डोकावला. लाइनीत मागे एक काका केव्हापासून घड्याळ बघत उभे होते. ते वैतागून म्हणाले, "अरे बेन, सांभळ्युं! छोकरो छे! हवे आगळ चालो!" ऐकलं, मुलगा आहे, आता पुढे चला.

सुरेखाताई त्यांच्याकडे वळल्या, पोराला कडेवर नीट वर घेतलं, आणि त्यांनाही पुन्हा सांगितलं.